मदत हवी आहे: आईला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, आधी कोणती तपासणी करावी? (सोलापूर)

नमस्कार. आई ५४ वर्षांची, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. ती घरी विड्या वळते. दिवाळीपासून जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासाने वर, उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं. कळ चढत जाते, दोन-तीन तास तशीच राहते आणि पाठीत उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. घाम सुटतो, कधी उलटीही होते.

रोज होत नाही, म्हणून कळेनासं झालंय. मुगाची खिचडी किंवा ताक-भात खाल्ला तर काहीच नाही. शेंगाभाजी, शेंगाचटणीवर ओतलेलं तेल, रविवारचं मटण, यानंतर मात्र हमखास.

घराजवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. सकाळची जळजळ थांबली, ही कळ थांबली नाही. शुगर आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून घेते, त्याही बरेचदा नुसत्या चहावर.

ती म्हणते वायू धरलाय. ओवा चावते आणि परत विड्या वळायला सूप घेऊन बसते. हल्ली दुखेल या भीतीने रात्री जेवतच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. हे खडे असतील की अल्सर? सोनोग्राफी आधी करू की एंडोस्कोपी?

प्रतिसाद १
ताई, आधी सोनोग्राफी. माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं, पित्ताशयात खडे निघाले. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं, त्या वेळी खडा तोंडाशी अडकला की ही कळ येते. ओव्याने ती जाणार नाही. सोनोग्राफीला रात्रभर उपाशी ठेवून न्या, खाल्लेलं असलं की पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. सोबत लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलला सर्जरीच्या ओपीडीत दाखवा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण खडे निघाले तरी अल्सर विसरू नका. दुखण्याच्या गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराला जखम होते, आणि जठरातला अल्सर जेवल्यावरही दुखू शकतो. त्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाच. घाम येतो लिहिलंत आणि शुगरही आहे, म्हणून ईसीजी नक्की काढा. शुगर असलेल्या बायकांचं हृदयाचं दुखणं कधी कधी पोटात वर जाणवतं.

अजून एक, रात्री न जेवता शुगरची गोळी घेत असतील तर साखर एकदम उतरू शकते. आजच थोडा मऊ भात तरी खायला लावा. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, डांबरासारखी काळी शौच, किंवा कळ सहा तासांतही थांबली नाही, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तिला आत्ताच ताक-भात दिलाय. परवा सकाळी सोनोग्राफी ठरवली, ईसीजी आणि रक्तही त्याच दिवशी. त्या दिवशी सकाळची शुगरची गोळी तपासणीनंतर काहीतरी खाऊन मग घ्यायची का? डॉक्टरांना उद्या फोन करून विचारतेच, पण कुणाच्या घरी असं झालं असेल तर लिहा.