म्युनिक ते मोंतोने : जुलैतली बाईक ट्रिप

प्रेषक: प्रसाद
विषय: जुलैतली बाईक ट्रिप, बेत आणि तारखा

म्युनिकच्या आपल्या मराठी मंडळातल्या बाईकवाल्यांना नमस्कार,

होळीला पुरणपोळीच्या रांगेत ज्यांनी ज्यांनी "यंदा जाऊयाच" म्हटलं, त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. आता पळवाट नाही.

आधी तारखा. सप्टेंबर हवामानाला सगळ्यात चांगला, पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. हॉल, मखर, नाटकाच्या तालमी, आरतीचे टाळ कोणाकडे आहेत याचा शोध हे सगळं सोडून कोणी डोंगरात जाईल असं वाटत नाही. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या, हॉटेलांचे भाव चढलेले, आणि इटलीत १५ ऑगस्टच्या आगेमागे निम्मी दुकानं बंद. जूनच्या सुरुवातीला उंच घाट उघडलेले असतीलच याची खात्री नाही. म्हणून जुलैचा दुसरा आठवडा.

माझा बेत असा आहे: म्युनिकहून ऑस्ट्रियातला ग्रॉसग्लॉकनर घाट, तिथून स्लोव्हेनियात उतरून वर्शिच घाट, सोचा नदीचं खोरं, इटलीतले डोलोमाइट्स डोंगर, तिथलाच श्टेल्व्हियो घाट आणि घरी. ग्रॉसग्लॉकनरचा रस्ता १९३५ साली सुरू झाला, ४८ किलोमीटर, ३६ वळणं, टोल भरावा लागतो आणि तो टोचतो. पण २,५०४ मीटरवर होखटोर या माथ्याला पोचल्यावर कोणी कुरकुरत नाही. वर्शिचला ५० वळणं, प्रत्येकाला नंबर. उत्तरेकडच्या बाजूला वळणांवर दगडी फरसबंदी आहे, पाऊस असेल तर जपून. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला होता. १९१६ च्या हिमस्खलनात त्यातले बरेच गाडले गेले. त्यांच्या आठवणीचं लाकडी चॅपल वाटेतच लागतं, तिथे थांबू.

ज्यांना यायचंय त्यांनी गाडी कोणती, टाकी किती लिटरची आणि मागे कोणी बसणार का, एवढं कळवा. ग्रुप सगळ्यात लहान टाकीच्या हिशेबाने चालतो.

प्रसाद


प्रेषक: ओंकार
विषय: उत्तर: जुलैतली बाईक ट्रिप

प्रसाददादा, नमस्कार.

मी गेल्या वर्षी पुण्याहून आलो. तिकडे बुलेट होती, लेह-लडाख करून आलोय, त्यामुळे घाटांची सवय आहे. इथे भाड्याने रॉयल एनफिल्डची हिमालयन मिळते असं दिसलं. भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट दोन्ही आहे. तेवढं पुरेल ना?

ओंकार


प्रेषक: प्रसाद
विषय: उत्तर: जुलैतली बाईक ट्रिप

ओंकार, नाही पुरणार. हे सगळ्यांसाठीच लिहितो, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतं.

जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं. त्यानंतर ते इथे कागदाचा तुकडा. परमिट हा फक्त लायसन्सचा अनुवाद असतो, त्याने मुदत वाढत नाही. नुसतं बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास सक्तीचे नाहीत एवढीच सवलत, पण मोटरसायकलचे थोडे तास घेच. इथे परीक्षेत इमर्जन्सी ब्रेक आणि शंकूंमधून नागमोडी चालवणं बारकाईने बघतात. लडाख पार केलेली माणसं त्यात नापास झालेली मी पाहिली आहेत.

आणि बिनालायसन्स चालवताना काही झालं तर विमा कंपनी पैसे तुझ्याकडून वसूल करायला मागेल, हे डोक्यात ठेव. दुसरं, कारच्या लायसन्सवर १२५ सीसी चालवायची जी परवानगी काहींनी काढून घेतली आहे, ती फक्त जर्मनीच्या हद्दीत चालते. सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या कूफश्टाइनला पोचलं की संपली.

मार्च चालू आहे. आजच अर्ज केलास तर जुलैपर्यंत जमेल, पण लायसन्स ऑफिसचा कारभार माहीत आहेच. नाही जमलं तर माझ्या मागे बस.

हिमालयनबद्दल: जुन्या ४११ सीसीवालीला जेमतेम २४ अश्वशक्ती. घाटात झकास, पण ऑटोबानवर १३० ने पळणाऱ्या ट्रिपमध्ये तिचा आणि तुझा दोघांचा जीव जाईल. आपण शक्यतो हायवे टाळतोय, तेव्हा चालेल.

प्रसाद


प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: जुलैतली बाईक ट्रिप

प्रसाद,

"मागे कोणी बसणार का" वाचलं. होळीच्या दिवशी एक व्हॅन भाड्याने घेऊन "वहिनी मंडळी सामानासकट मागून येतील" अशीही चर्चा कानावर आली. कोणाची कल्पना ते विचारत नाही. माझ्याकडे ७०० सीसीची गाडी आहे आणि ती मी चालवते. माझा नवरा मागे बसेल, त्याला फोटो काढायचे असतात. व्हॅन हवी असेल तर आणा, पण ती कोणीतरी पुरुषाने चालवावी, म्हणजे समसमान होईल.

आता कामाचं. मागच्या वेळी बारा गाड्या एका रांगेत निघाल्या आणि गार्मिशच्या पहिल्या सिग्नलला तुटल्या. मग पुढचे मागच्यांसाठी थांबले, मागचे पुढच्यांना गाठायला वेडेवाकडे धावले. एकाने तर आपल्याकडच्या सवयीने दोन गाड्यांच्या फटीतून पुढे काढली. जर्मनीत ते चालत नाही, आणि ट्रॅफिक जॅममध्ये मधे सोडलेली रुग्णवाहिकेची वाट तर मोटरसायकलींसाठी अजिबात नाही. मंडळाच्या टी-शर्टात पकडले गेलो असतो तर वार्षिक सभेत विषय झाला असता.

या वेळी चार-चार, फार तर पाच-पाच गाड्यांचे गट करूया, आणि प्रत्येक गटात "वळणावर थांबा" पद्धत वापरूया. लीडर जिथे वळतो तिथे त्याच्या लगेच मागचा सुरक्षित जागा बघून थांबतो आणि येणाऱ्यांना दिशा दाखवतो. शेवटची गाडी दिसली की तो तिच्या पुढे लागतो. पुढच्या चौकात दुसऱ्याची पाळी. यात पुढच्याचा टेललॅम्प डोळ्यांआड झाला तरी घाबरायला होत नाही, जो तो आपल्या वेगाने वळण घेतो. लीडर आणि शेवटची गाडी बदलायची नाही, एवढाच नियम. हायवेवर मात्र हे करायचं नाही, तिथे पुढचा पेट्रोल पंप ठरवून ठेवायचा.

सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे असं चालायचं. घाट सुरू झाला की ती रचना मोडायची, कारण वळणात प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते. आपल्या लोकांना घाटात पुढच्याच्या चाकाला चाक लावून जायची हौस असते. पुढचा चुकला की मागचाही त्याच्यासोबत दरीत.

शेवटची गाडी माझी. आधीच सांगून ठेवते.

अनघा


प्रेषक: श्रीकांतकाका
विषय: उत्तर: जुलैतली बाईक ट्रिप

प्रिय प्रसाद, अनघा आणि सर्व,

माझे गुडघे आता बाईकचे राहिले नाहीत, पण मेल वाचायला गुडघे लागत नाहीत. म्हणून एक सुचवतो.

जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे १० जुलै त्यात येतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे मारले गेले. रायगड जिल्ह्यातले, माणगावकडचे. वय २२. जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. हे एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदूक उलटी धरून लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तिथल्या मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या गावात २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाचं स्मारक झालं. पुतळा नाही, सूर्यघडी आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

आणि वाटेत सेनिओ नदी लागते. तिथे ९ एप्रिल १९४५ ला याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे नेलं. मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ग्रेनेड फेकले, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना बोलावलं. ते वाचले, पुढे १९८४ पर्यंत जगले.

आपण दर वर्षी शिवजयंतीला हॉल घेऊन पोवाडे म्हणतो. म्युनिकहून मोंतोने साडेसातशे-आठशे किलोमीटर आहे. श्टेल्व्हियो कुठे पळून जात नाही.

श्रीकांत


प्रेषक: ओंकार
विषय: उत्तर: जुलैतली बाईक ट्रिप

काका, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझं आजोळ माणगावचं. तिथे घाडग्यांचा पुतळा आहे, लहानपणी शंभरदा त्याच्यासमोरून गेलो असेन, कधी थांबून वाचलं नाही.

दादा, मागे बसायला तयार आहे. पण श्टेल्व्हियो पूर्ण रद्द का? ४८ वळणं आहेत!

ओंकार


प्रेषक: प्रसाद
विषय: बदललेला बेत (कृपया हाच धरा)

मंडळी,

काकांनी माझा बेत उधळला आणि बरंच केलं. स्लोव्हेनिया पुढच्या वर्षी.

बुधवार ८ जुलै: तेगर्नझे, आखेनझे, येनबाख, इन्सब्रुक, आणि ब्रेनरच्या जुन्या रस्त्याने वर. सगळं साध्या रस्त्याने, म्हणजे ऑस्ट्रियाचा विन्येट (हायवेच्या टोलचा स्टिकर) नको आणि ब्रेनरचा वेगळा टोलही नको. बुधवार मुद्दाम धरलाय. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात हायवे सोडून गावांतून जाणाऱ्यांना अडवतात. स्टर्झिंगहून पेन्सर यॉख घाट, २,२११ मीटर, आणि मुक्कामाला बोत्झेन. ऑस्ट्रियात मोटरसायकलवरही प्रथमोपचाराची पेटी सक्तीची आहे, सीटखाली छोटी टाका.

गुरुवार ९: हायवेने फाएन्झा. पो नदीचं मैदान जुलैत तापतं, पस्तीस अंश सहज, आणि अंगात संरक्षक जाकीट. पहाटे साडेपाचला निघायचं, यावर चर्चा नाही. दुपारी झोप, ऊन उतरल्यावर सेनिओच्या बांधावर.

शुक्रवार १०: फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांचं स्मारक आहे. सकाळी तिथे. मग मुराल्योने घाट. उंची ९०७ मीटरच, पण इटलीतल्या बाईकवाल्यांची पंढरी. वर एक लांब दगडी भिंत आहे, वाटसरू आणि जनावरांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून १८३६ साली तिथल्या ग्रँड ड्यूकने बांधलेली. रविवारी तिथे गाड्या आणि पोलीस दोन्ही उदंड, शुक्रवारी बरं. संध्याकाळी मोंतोने. चेझेनाकडून येणारा ई-४५ रस्ता फुकट आहे, पण त्याचे खड्डे बघून मुंबई-गोवा महामार्गाची आठवण येईल. तो टाळतोय.

शनिवारी तिथेच. जुन्या गावांत गाड्या बाहेर लावायच्या. प्रवेशबंदीच्या भागात कॅमेरे असतात, बाईकला कुठे सूट असते कुठे नसते, आणि दंडाचं पत्र घरी बरोबर येतं.

रविवारी मेरानपर्यंत सरळ हायवे, कंटाळवाणा, इलाज नाही. सोमवारी दोन वाटा. दमलेल्यांनी याउफेन घाटाने ब्रेनरकडे. ओंकारसारख्यांनी पहाटे प्राडहून श्टेल्व्हियो, आणि नऊच्या आत वर. नंतर सायकली, बस आणि घरं घेऊन फिरणाऱ्या गाड्या यांची जत्रा भरते. रस्ता १८२५ चा, घोडागाड्यांसाठी आखलेला, काही वळणांत पहिला गिअर आणि मान पूर्ण वळवून बघणं लागतं. जिथे बघाल तिथेच गाडी जाते, कठड्याकडे बघू नका.

श्टेल्व्हियोवाल्यांसाठी एक इशारा. रेशन घाटातून परतताना तिरोलमधल्या हाहनटेनयॉख घाटाचा मोह होईल. २०२० पासून तिरोलच्या त्या भागात, काही ठरावीक रस्त्यांवर, उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर नोंदलेल्या मोटरसायकलींना उन्हाळ्यात बंदी आहे. सायलेन्सर बदलून उपयोग नाही, गाडीच्या नोंदणीच्या कागदावर यू.१ या रकान्यात छापलेला आकडा बघतात. मंडळात दोन इटालियन गाड्या आहेत, त्यांच्या मालकांनी आज रात्रीच कागद काढून बघावा.

प्रसाद


प्रेषक: मंडळ चिटणीस
विषय: उत्तर: बदललेला बेत

सर्वांना शुभेच्छा. कार्यकारिणीच्या वतीने स्पष्ट करतो की ही सहल सभासदांची खासगी आहे, मंडळाचा कार्यक्रम नाही, मंडळाचा विमा तिला लागू नाही. टी-शर्ट घालायला हरकत नाही. पुष्पचक्रासाठी मंडळाच्या खात्यातून रक्कम द्यायचा ठराव येत्या बैठकीत मांडतो. मोंतोनेच्या नगरपालिकेला आधी पत्र पाठवावं, इटालियन येणारं कोणी आहे का?


प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: बदललेला बेत

इटालियन पत्र मी लिहिते, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून तपासून घेईन. काका, माणगाव आणि घाडग्यांबद्दल मराठीत अर्धं पान लिहून द्या, आम्ही तिथे वाचू. शिवाय तुम्ही व्हॅनमध्ये येताय. व्हॅन माझा नवरा चालवेल, फोटो तो तिथून काढेल. म्हणजे माझ्या मागची सीट रिकामी झाली. ओंकार, प्रसादच्या गाडीवर मागच्याचे पाय आखडतात, माझ्याकडे ये. हेल्मेट आणि हातमोजे स्वतःचे आण. लायसन्सचा अर्ज तरीही कर.

प्रसाद, पहाटे साडेपाच म्हणजे गाडी चालू साडेपाचला की पार्किंगमध्ये चहा साडेपाचला? आताच लिहून टाक.