आपल्यासारखंच दुसरं घर: तुमचे अनुभव लिहा

मुलीला टाइप वन मधुमेह आहे हे कळलं तेव्हा ती ४ वर्षांची होती. धीर सगळ्यांनी दिला, पण पहाटे ३ वाजता बोट टोचून साखर बघायला मी एकटीच. एका रात्री आकडा आला ५४. अर्धवट झोपेतच तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं. पुन्हा तपासायच्या आधीची ती १५ मिनिटं सरता सरेनात. तपासणीच्या रांगेत ओळख झालेल्या एका आईला मेसेज टाकला, 'जागी आहेस का?' लगेच उत्तर आलं, 'हो. आमची १९०. तुमची?'

त्या 'तुमची?'नं मला किती बरं वाटलं हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. काय झालं, कसं झालं, काही नाही; थेट आकडा. ८८ आल्यावर आधी तिला कळवलं, नवऱ्याला सकाळी. पुढे माझी लेक पहिल्यांदा कुणाकडे राहायला गेली ती त्यांच्याकडेच. जेवणाआधी दोघी शेजारी बसून इन्सुलिन घेत होत्या आणि ही का टोचून घेते, असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

तुम्हाला असं घर भेटलंय का? जरूर लिहा. मध्ये काही बिनसलं असेल तर तेही लिहा.

*

मुलगा ११ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. दर ३ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, अख्खा दिवस त्यात जातो. शेजारच्या खाटेवर त्याच्याच वयाचा मुलगा असायचा. आम्ही दोघे बाप आधी एवढंच बोलायचो, 'हिमोग्लोबिन किती आलं?' 'साडेनऊ.' मग फेरिटिनवर, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या आकड्यावर आलो, मग नोकरीवर, मग घरच्या कटकटींवर. आता तारखा ठरवून एकाच दिवशी घेतो. माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव अजून 'खाट ६ बाबा' असंच आहे.

सतत रक्त चढवून शरीरात साठलेलं लोह उतरवायची गोळी घ्यायला आमचा फार कुरकुर करायचा. समजावून थकलो होतो. हल्ली रात्री ८ वाजता दोघे व्हिडिओ कॉल लावतात, एक-दोन-तीन म्हणतात आणि घेऊन टाकतात.

*

मी आई नाही, बहीण आहे. भावाला एपिलेप्सी आहे. आईबाबांची ज्या घराशी मैत्री झाली, तिथल्या मोठ्या मुलीला मी एकदा म्हटलं, मला कधीकधी त्याचा राग येतो. ती म्हणाली, 'मला पण येतो आमच्याचा.' तोवर मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

*

आमचं थोडं वेगळं आहे. आमच्या आणि त्या दुसऱ्या घरच्या, दोन्ही मुलांना सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साठत राहण्याचा आजार. या आजाराच्या मुलांनी एकमेकांजवळ जायचं नसतं. एकाच्या फुप्फुसातले जंतू दुसऱ्याला लागू शकतात, म्हणून निदान २ मीटर अंतर, आणि बंद खोलीत तर भेटच नको. म्हणजे ज्याला आपलं सगळं कळतं, नेमकं त्यालाच भेटता येत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्ही आया भेटतो. मुलं संध्याकाळी नेब्युलायझर लावून स्क्रीनवर बुद्धिबळ खेळतात. मास्कमुळे बोलता येत नाही. शह दिला की टेबलावर दोनदा टकटक. ५ वर्षं असंच चाललंय. परवा माझ्या मुलानं विचारलं, 'आई, तो माझ्यापेक्षा उंच आहे का गं?' त्याच्या आईला उंची विचारली आणि आमच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. हा तिला पाठ लावून उभा राहिला. दोन बोटं कमी भरला.

*

धाग्यात 'बिनसलं असेल तर' लिहिलंय म्हणून लिहिते. आमच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. ज्या ताईंशी ओळख झाली, त्यांच्या मुलालाही तेच; तो ३ वर्षांनी मोठा. ओळख झाली तेव्हा तो चालायचा, पुढच्या वर्षी व्हीलचेअरवर आला. त्यानंतर मी ताईंचे फोन उचलेनाशी झाले. त्यांच्या मुलाकडे बघितलं की आमचं पुढे काय होणार तेच दिसायचं, आणि ते मला सोसत नव्हतं. ८ महिने असे गेले.

मग आमचा जिन्यावर पडला. त्याला उचललं, पाय बघितला, आणि पहिला फोन ताईंनाच केला. रडतच माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'अगं, मीही एकीला असंच टाळलं होतं.' जरा थांबून म्हणाल्या, 'आता एक काम कर. खुर्ची घ्यायच्या आधी बाथरूमच्या दाराची रुंदी मोज. आम्ही मोजली नव्हती.'

मी फोन न ठेवताच टेप शोधायला गेले.