मदत हवी आहे: हॉल पिवळा केला आणि घराची जेजुरी झाली

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा १० बाय १४ चा हॉल आहे. खिडकी एकच, तीही उत्तरेला, त्यामुळे भरदुपारी दिवा लावावा लागतो. फ्रान्समधल्या जिव्हेर्नीला चित्रकार मोनेच्या घरातली पिवळी जेवणाची खोली फोटोत पाहिली आणि डोक्यात तेच बसलं. शेड कार्डावरचा तुकडा अगदी सोनचाफ्यासारखा होता. दोन भिंतींना लावून झाला, आणि आता भंडारा उधळल्यासारखं वाटतंय! समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तो कार्डापेक्षा गडदच दिसतो, हे नंतर कळलं. आधी भिंतीवर दोन फुटांचा नमुना लावून बघायला हवा होता. असो.

दुसरी अडचण म्हणजे जुना निळा रंग. पेंटरदादांनी प्रायमर न मारता थेट इमल्शनचे दोन हात दिले, तर खालून हिरवट झाक येतेय. ते म्हणतात तिसरा हात द्या. मला वाटतं पिवळा मुळात कमी झाकतो, तेव्हा आधी पांढरा प्रायमरच हवा. आता लावलेल्या रंगावर प्रायमर चालतो का, की घासून काढावं लागेल?

आणि उरलेल्या दोन भिंती ऑफव्हाइट ठेवू का? सोफा मरून आहे, तो बदलणार नाही. सासूबाईंना पिवळा फार आवडलाय, म्हणून सगळंच पुसून टाकायची सोय नाही. ज्यांच्या घरी असा पिवळा आहे त्यांनी रात्रीचा, दिव्यातला फोटो टाकाल का? पेंटर सोमवारी परत येतोय.