शेजारच्या शहराला पाणी देणं कायद्याने सोपं करावं का?

ओघ

दोन नगरपालिका, एकमेकींना लागून. एकीच्या तलावात वर्षभर पुरून उरेल इतकं पाणी, दुसरीचा तलाव तळाला गेलेला. दोन्हींच्या जलवाहिन्यांची टोकं फार तर दोन-तीन किलोमीटर लांब. तरी इकडचं पाणी तिकडे जायला महिने लागतात. पाइप टाकायला नव्हे. ठराव, हरकती, वरची परवानगी, दराची घासाघीस आणि 'आमच्या हक्काचं काय' या वादातच ते महिने जातात.

मला वाटतं, यासाठी वेगळा कायदा हवा. कराराचा नमुना आधीच तयार असावा. तातडीच्या वेळी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीवर पाणी सोडता यावं. दर प्रत्यक्ष खर्चावर ठरावा. आणि दिलेल्या पाण्यावरचा देणाऱ्याचा हक्क बुडू नये.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सगळं घोडं तिथेच अडतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत 'जो आधी वापरेल त्याचा हक्क आधी' असं तत्त्व आहे आणि बरीच वर्षं न वापरलेला हक्क जाऊही शकतो. मग शेजाऱ्याला पाणी देणार कोण? दिलं तर 'तुम्हाला याची गरज नव्हती' असा पुरावा आपणच हातात दिल्यासारखं होतं. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये वाहतुकीपुरता तरी एक मार्ग काढला. सार्वजनिक यंत्रणेच्या कालव्यात किंवा जलवाहिनीत जागा मोकळी असेल, तर रास्त मोबदला घेऊन दुसऱ्याचं पाणी त्यातून जाऊ द्यावं लागतं. ही सक्ती मोकळ्या जागेच्या ७० टक्क्यांपुरतीच आहे, म्हणजे मालकाला श्वास घ्यायला वाव ठेवलेला आहे.

तिथलंच १९७७ सालचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मरिन काउंटीचं पाणी संपत आलं, तेव्हा खाडीवरच्या रिचमंड-सॅन राफाएल पुलाची एक मार्गिका बंद करून तिच्यावर पाइप अंथरला. दक्षिण कॅलिफोर्नियाने आपल्या वाट्याचं पाणी सोडलं आणि ते मधल्या शहरांच्या वाहिन्यांतून टप्प्याटप्प्याने तिथवर पोचलं. गळ्याशी आल्यावर हे जमतं. मग त्याआधी का जमू नये?

पाटकरी

ओघ, तुमची तळमळ समजते, पण माझा या कायद्याला विरोध आहे.

'पुरून उरेल' असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते ठरवणार कोण? तलावात दिसणारं पाणी शिल्लक नसतं. पुढचं वर्ष कोरडं गेलं तर त्यासाठीची ती पुंजी असते. एका वाईट वर्षाला कोणीही तोंड देतं, गावं मोडतात ती लागोपाठच्या दुसऱ्या वर्षी. ज्या शहराने कर्ज काढून धरण बांधलं, वाढीव पाणीपट्टी भरून ते फेडलं आणि गळती शोधायला रस्ते खणले, त्याच्या तलावात साहजिकच पाणी दिसणार. शेजारच्याने त्याच काळात पाण्याचा विचार न करता नव्या वसाहतींना परवानग्या दिल्या. आता कायदा पहिल्याला सांगणार, दे.

तातडीचं पाणी तातडीपुरतं राहत नाही, हे तर त्याहून वाईट. एकदा नळाला आलं की त्यावर घरं उभी राहतात, शाळा-दवाखाने येतात. मग तो व्हॉल्व्ह बंद करायची हिंमत कोणाला होणार? मलाही होणार नाही. म्हणूनच तो उघडण्याआधी दहा वेळा विचार व्हावा. ज्या ठराव-हरकतींना तुम्ही वेळकाढूपणा समजता, तेवढीच एक जागा आहे जिथे पाणीपट्टी भरणाऱ्याला तोंड उघडता येतं.

चावीवाला

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी २६ वर्षं गेली, त्यामुळे जरा खालून सांगतो.

माझ्या नोकरीतल्या एका शहरात शेजारच्या शहराशी जोडणी आधीपासून होती. नकाशावर होती, करारात होती. टंचाई आली तेव्हा आम्ही ती उघडायला गेलो. चेंबरचं झाकण काढलं तर आत गुडघाभर गाळ. तो उपसला, तर व्हॉल्व्हचा दांडा गंजून बसलेला. दोघांनी चावीला पाइप लावून जोर केला आणि दांडा वरच्यावर तुटला. नवा व्हॉल्व्ह येऊन बसेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर टँकर.

दुरुस्त करून उघडलं, तर नवंच दुखणं. त्या वाहिनीतून पाणी आजवर एका दिशेने जायचं, ते उलट फिरलं. पाइपाच्या तळाशी बसलेला सगळा गाळ उचलला गेला आणि दोन दिवस लोकांच्या हंड्यात चहाच्या रंगाचं पाणी पडलं.

आणि पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. एका शहराचं क्लोरीनवर शुद्ध केलेलं, दुसऱ्याचं क्लोरामाइनवर, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून होणाऱ्या जंतुनाशकावर. दोन्ही जिथे मिसळतात तिथे जंतुनाशकाचा अंश अचानक घटू शकतो. अमेरिकेतल्या ट्यूसानने १९९२ मध्ये भूजल सोडून कोलोरॅडो नदीचं पाणी थेट घरांत दिलं. जुन्या पाइपांतला गंज सुटला, नळाला तपकिरी पाणी आलं आणि १९९४ मध्ये ते थांबवावं लागलं. अमेरिकेतल्याच फ्लिंट शहराची गोष्ट तर जगाला माहीत आहे. एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून नदीचं घेतलं, पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही आणि पाइपांमधलं शिसं लोकांच्या पोटात गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा डेट्रॉइटचं पाणी घ्यावं लागलं.

मी विरोधात नाही. पण सहीने पाणी सुटतं असं समजू नका.

कोरडी विहीर

पाटकरी, तुमचं सगळं बोलणं दोन नगरपालिकांच्या हिशेबाचं आहे. या हिशेबात न बसणारी माणसं असतात. शहराच्या हद्दीबाहेरची वस्ती, जिला ना धरण बांधायची ऐपत, ना कर्ज काढायची. तिने कसली चूक केली?

ईस्ट पोर्टरव्हिल ही अशीच कॅलिफोर्नियातली वस्ती. पोर्टरव्हिल शहराला अगदी खेटून. २०१४ मध्ये घराघरांतल्या विहिरी आटल्या. लोक अंगणात टाकी ठेवून, बाटलीबंद पाण्यावर दिवस काढत होते आणि थोड्याच अंतरावर शहराच्या नळांना पाणी होतं. २०१५ मध्ये राज्याने कायदा केला: जी छोटी यंत्रणा सुरक्षित पाणी देऊच शकत नाही, तिला शेजारच्या सक्षम यंत्रणेत सामील करण्याचा आदेश राज्याचं जलमंडळ देऊ शकतं. पुढच्या काही वर्षांत राज्याच्या पैशातून ईस्ट पोर्टरव्हिलची शेकडो घरं शहराच्या पाण्याला जोडली गेली. नुसत्या शेजारधर्मावर सोडलं असतं तर ती टाकी आजही अंगणात असती.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटर अंतर कापून रेल्वेने पाणी आलं. इतक्या लांबून आणायची तयारी होते, कारण तोवर प्रश्न जीवावर आलेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणायची ही रीत कधीतरी मोडायला हवी.

पाटकरी

हद्दीबाहेरच्या वस्तीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तो भाग मी धरला नव्हता. पण तिथे पैसा राज्याने घातला, शेजारच्या करदात्यावर लादला नाही, हेही लक्षात घ्या.

माझी खरी भीती करार सोपा झाल्यावर त्यातून बाहेर पडणं अवघड होण्याची आहे. मलेशियाचं जोहोर राज्य आणि सिंगापूर यांचा १९६२चा करार बघा. दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत कच्चं पाणी, हजार गॅलनला ३ सेन (सेन म्हणजे मलेशियन रिंगिटचा शंभरावा भाग), मुदत २०६१पर्यंत. तो दर आजही तोच आहे. मलेशिया म्हणतो वाढवा, सिंगापूर म्हणतो फेरविचाराची वेळ तुम्ही १९८७ मध्ये घालवलीत. हे दोन देश आहेत, वकील-मुत्सद्द्यांची फौज बाळगतात, तरी सुटत नाही. छोट्या नगरपालिकेने तयार नमुन्यावर सही केली आणि दहा वर्षांनी पंपाचं वीजबिल दुप्पट झालं, तर ती कोणाकडे जाणार?

तातडीच्या पाण्याला मी तयार होईन. मात्र दिवस मोजलेले हवेत, आणि घेणाऱ्याने आधी स्वतःकडे कपात लागू केलेली हवी. बागा भिजवायला माझं पाणी जाणार नाही.

ओघ

कपातीची अट मला पूर्ण पटली, माझ्या मांडणीत ती राहून गेली होती. त्याला जोडून आणखी एक: देणाऱ्याकडे २० टक्के कपात आली, की घेणाऱ्याचं पाणीही आपोआप तेवढंच कमी व्हावं. म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायचं धैर्य एकट्या कोणाला गोळा करावं लागणार नाही. आणि दर तीन वर्षांनी दर पुन्हा तपासलाच पाहिजे, कोणी मागणी करो वा न करो.

तंटा झाला तर कोणाकडे जायचं, यावर इंग्लंड-वेल्सची पद्धत विचार करण्याजोगी आहे. १९९१च्या कायद्याच्या ४०व्या कलमानुसार दोन पाणी कंपन्यांचं घाऊक पाण्यावरून जमलं नाही, तर नियामक मध्ये पडून अटी ठरवू शकतो.

हरकतींबद्दल मात्र मी मागे हटत नाही. लोकांना बोलू द्यायचंच, पण ते तलाव भरलेला असताना. तळ दिसू लागल्यावर घेतलेल्या सुनावणीत कोणी शेजाऱ्याचा विचार करत नाही. घाबरलेला माणूस फक्त आपला हंडा बघतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

चावीवाला

मसुदा करायचाच असेल तर एक कलम माझ्याकडून घाला. वर्षातून एकदा, दोन्ही शहरांच्या माणसांसमोर, जोडणीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बंद करायचा. दोन्हीकडचं पाणी मिसळून प्रयोगशाळेत तपासायचं, दाब नोंदवायचा, मीटर दोन्ही दिशांनी मोजतो का तेही बघायचं.

आणि त्या चाचणीत वाहिनी धुताना जे पाणी सोडून द्यावं लागतं, ते कोणाच्या खात्यावर टाकायचं हे स्पष्ट लिहा. मी सांगितलेल्या त्या शहरात दरवर्षीची चाचणी ठरलेली होती. दोन्ही बाजूंनी त्या पाण्याचं बिल एकमेकांकडे पाठवलं आणि दुसऱ्याच वर्षी ती बंद पडली.