मुलांचा पहिला हुमाश: आपापल्या आठवणी लिहाव्यात

अश्दोदची आजी

शालोम, बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी यहुदी, मंडळी. गेल्या आठवड्यात इथे इस्राएलमध्ये माझ्या नातवाच्या शाळेत हुमाशाचा समारंभ झाला. दुसरीतल्या मुलांच्या हाती तोरेचे, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाचे, पाचही भाग एकत्र छापलेले हे पुस्तक देतात आणि तेव्हापासून त्यांचा अभ्यास ‘बेरेशित’ या पहिल्या पुस्तकापासून सुरू होतो. पुस्तकाला घरून कापडी वेष्टण शिवून न्यायचे असते. सुनेने ते माझ्या जुन्या हिरव्या पैठणीच्या काठाचे शिवले. रात्री नातू माझ्याजवळ बसून पहिल्या वचनाचे सात शब्द बोट ठेवून वाचू लागला. “बेरेशित बारा एलोहिम” एवढे वाचून तो थांबला आणि म्हणाला, “आजी, तुझ्या भाषेत बारा म्हणजे दहा आणि दोन ना?”

माझे डोळे भरून आले, कारण हाच प्रश्न मी मुंबईत माझ्या मास्तरांना विचारला होता. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी सुरू केलेल्या इस्रायली शाळेत, म्हणजे पुढे जिचे नाव सर एली कदूरी झाले त्या माझगावच्या शाळेत, मी शिकले. मास्तर म्हणाले होते, “बाळ, या भाषेत बारा म्हणजे उत्पन्न केले.” आम्ही आधी हिब्रू उच्चार पाठ करत असू आणि अर्थ मराठीतून समजून घेत असू. तोरेच्या पहिल्या अक्षरांशी तुमची किंवा तुमच्या मुलांची ओळख कशी झाली, ते कृपया सविस्तर लिहावे.

ठाण्याहून

आजी, माझ्या मुलीला मी स्वतः शिकवतो आहे आणि तिला बाराखडीचा फार उपयोग झाला. हिब्रू ‘ब’च्या अक्षराखाली एक ठिपका दिला की ‘बि’, तीन ठिपके दिले की ‘बे’, आडवी रेघ दिली की ‘ब’, हे तिने काना-मात्रा-वेलांटीसारखेच मानले आणि दोन महिन्यांत ती वाचू लागली. शिन अक्षराचा ठिपका उजवीकडे असला तर ‘श’ आणि डावीकडे असला तर ‘स’, हेही तिला चटकन समजले. अडचण आली ती सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनागृहात. सेफेर तोरा, म्हणजे तोरेची गुंडाळी, उघडल्यावर तिने पाहिले की चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या त्या मजकुरात एकही ठिपका नाही, आणि ती एकदम गोंधळून गेली. काना-मात्रा नसलेले मराठी पान वाचायला दिल्यासारखेच ते आहे. म्हणूनच वाचणाऱ्याला सारे उच्चार आणि सूर आधी घरी पक्के करावे लागतात, हे मी तिला सांगितले. तेव्हापासून प्रार्थना चालवणाऱ्या हाझानसाहेबांकडे ती निराळ्याच आदराने पाहते.

दिमोनाहून

मी 1964 च्या सप्टेंबरात दुसरीत बसलो. त्याच उन्हाळ्यात आमची वडीलमाणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली होती, कारण विवाहाच्या वेळी बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली जात होती. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. एवढे सगळे मला तेव्हा कुठे कळत होते? मला एवढेच आठवते की वर्गात एका मुलाने “तुमच्याकडे तोरा होती का?” असे विचारले आणि बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसण्याचे दुःख मी अजून विसरलेलो नाही. घरी आल्यावर वडिलांनी मला मांडीवर घेऊन शेमा, म्हणजे देव एकच आहे ही आपली प्रार्थना, म्हणायला लावली आणि सांगितले की कोकणात शतकानुशतके पुस्तक नव्हते तेव्हाही हे शब्द होते, शनिवारी काम बंद ठेवायचा शाब्बाथ होता, आणि आपण तेल गाळत असू म्हणूनच लोक आपल्याला शनवार तेली म्हणत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून शेमा मोठ्याने म्हणालो.

लोदहून

दिमोनाचे भाऊ, वाचून फार वाईट वाटले आणि तुमच्या वडिलांविषयी आदरही वाटला.

स्वयंपाक करता करता लिहिते आहे. माझा भाचा ज्या हेदेरमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, जातो तेथे मुलांना बेरेशित आधी न शिकवता ‘वायिक्रा’, म्हणजे यज्ञविधींचे तिसरे पुस्तक, आधी शिकवतात. यज्ञ पवित्र आणि मुलेही पवित्र, तेव्हा पवित्रांनी येऊन पवित्र गोष्टींचा अभ्यास करावा, असे मिद्राश या जुन्या भाष्यग्रंथांमध्ये त्याचे कारण दिलेले आहे. त्या पुस्तकाच्या पहिल्याच शब्दातील शेवटचे आलेफ हे अक्षर लहान लिहितात. भाच्याने ते दाखवून मला सांगितले, “हे माझ्याएवढे आहे.” पाच वर्षांचे मूल अक्षराशी असे नाते जोडते, हे पाहून मी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

भायखळ्याहून

अक्षरांवर मध लावून मुलाला चाटवण्याची रीत आपल्यात होती का? माझ्या मुलाने ती कुठेतरी वाचली आहे आणि तो हट्ट धरून बसला आहे.

अश्दोदची आजी

ती मुळात मध्ययुगातील जर्मनीकडच्या यहुद्यांची रीत आहे. आमच्या घरी नव्हती. आमच्याकडे आनंदाच्या प्रसंगी एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे नाव घेऊन मलिदा करत, आणि माझ्या भावाने पहिला पराशा, म्हणजे तोरेचा आठवड्याचा भाग, वाचला तेव्हा आईने पोहे, खोबरे व साखर कालवून केलेला मलिदा पाच फळांसह तबकात मांडला होता. पण मुलगा हट्ट धरतो आहे तर मधही जरूर द्यावा. गोडाशी अक्षर जोडले गेले तर त्यात कसली हानी?

आणखी एक, तोरेतल्या योसेफाची गोष्ट मला शाळेच्याही आधी कीर्तनात कळली होती. भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफासाठी माझी आजी पदर डोळ्यांना लावायची. पुढे हिब्रूत तोच भाग वाचताना मला आजीचा आवाजच ऐकू येत असे.

ठाण्याहून

आजी, पैठणीच्या काठाला आतून अस्तर लावले होते का? मुलीच्या हुमाशासाठी पत्नीला तसेच वेष्टण शिवायचे आहे.

अश्दोदची आजी

हो, सुती अस्तर लावावे, नाहीतर जरीचा धागा पानांना घासतो. पाठीमागे कणा सैल ठेवावा, म्हणजे पुस्तक पूर्ण उघडते.