प्रतिसाद: लहान चाकांची फोल्डिंग सायकल

वर कुणी विचारलंय की चाकं एवढीशी, मग पायडल दुप्पट मारावे लागत असतील ना? नाही. त्याची भरपाई गिअरमध्ये केलेली असते. २० इंची चाकाला पुढे ५२ दात्यांचं आणि मागे १३ दात्यांचं चक्र असेल, तर पायडलच्या एका फेरीत ती जेवढी पुढे जाते, तेवढीच २६ इंची सायकल ४० आणि १३ दात्यांवर जाते. गणित करून बघा, चाकाचे इंच गुणिले पुढचे दाते भागिले मागचे दाते, दोन्हीकडे ८० येतं.

खड्डे मात्र जास्त जाणवतात, त्याला इलाज नाही. थोडे रुंद टायर घेतले तर जरा सुसह्य होतं.

खरं लक्ष द्यायचं ते बिजागरीकडे. फ्रेमचा आणि हँडलच्या दांड्याचा क्लॅम्प बंद करताना शेवटी जोर लावावा लागला पाहिजे. अलगद बंद झाला तर समजा ढिला झालाय. तसं दामटू नका, आधी कसून घ्या. सीटच्या दांड्यावर आपल्या उंचीची खूणही करून ठेवा, रोज अंदाजपंचे वर-खाली करत बसायला नको.

आणि हो, ‘हलकी’ म्हणून विकतात तीही बहुतेकदा ११-१२ किलोची असते. जिने चढायचे असतील तर घेण्याआधी दुकानातच उचलून बघा, तीही घडी घातलेली!