ले मिझराब्लमध्ये एकच चाल परत परत काहून येते?

पेटी_आणि_कीबोर्ड

नमस्कार मंडळी. नागपुरात आमचा कॉलेजचा गाण्याचा ग्रुप आहे, यंदा गॅदरिंगला नेहमीच्या फिल्मी मेडलीऐवजी 'ले मिझराब्ल' या म्युझिकलमधली तीनचार गाणी करायचा विचार चालू आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या 1862 च्या कादंबरीवरचं नाटक, संगीत क्लोद-मिशेल शोनबर्गचं. सध्या मी आख्खं रेकॉर्डिंग ऐकून राहिलो, मधे नुसतं बोलणं जवळपास नाहीच, सगळं गाऊनच पुढे जातं, आणि एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली. फँटिन, म्हणजे त्यातली हलाखीत सापडलेली आई, मरताना जे गाते तीच चाल पुढे एपोनिन नावाच्या दुसऱ्याच मुलीच्या 'ऑन माय ओन'ला आहे. बिशपकडे चोरी केल्यानंतर वाल्जाँ, म्हणजे नाटकाचा नायक, सुटून आलेला कैदी, स्वतःशी भांडतो ते गाणं आणि शेवटी त्याच्या मागावरचा पोलीस जाव्हेर नदीत उडी घेतो ते गाणं, दोन्ही पेटीवर वाजवून पाहिली, संगीत एकच! आमच्यातला एक जण शास्त्रीय शिकतो, तो म्हणतो एवढं मोठं नाटक आहे, चाली पुरल्या नसतील. मला हे पटत नाही पण त्याला उत्तर काय द्यायचं तेही सुचत नाही. जाणकारांनी सांगा ना. आणि आमच्याकडे चार मुली, तीन मुलं, एक पेटी, एक कीबोर्ड आहे, एवढ्यात कोणती गाणी होतील तेही सांगा.

रेशीमबागवाली

चाली पुरल्या नाहीत असं अजिबात नाहीये रे. 'ऑन माय ओन'ची चाल मुळात फँटिनचीच. 1980 मध्ये पॅरिसला फ्रेंचमध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्या चालीवर ती आपल्या हलाखीचं गाणं गायची. मग 1985 ला लंडनच्या बार्बिकन थिएटरमध्ये इंग्रजी प्रयोग उभा राहिला त्यात ते मोठं गाणं एपोनिनकडे गेलं, पण फँटिनच्या मरणाच्या प्रसंगात चाल राहिली. आता शेवट नीट ऐक. वाल्जाँ मरायला टेकलाय, त्याला न्यायला फँटिन येते आणि मग एपोनिनही येते, आणि त्या याच चालीवर गातात. मला तिथे दर वेळी रडू येतं.

कादंबरी वाचली असशील तर आठवेल, फँटिन आपल्या मुलीला, कोझेतला, थेनार्दिए या खाणावळवाल्या नवराबायकोकडे ठेवते ते कशामुळे? खाणावळीसमोर त्यांच्या दोन लहान मुली झोक्यावर खेळत असतात, त्यांना बघून फँटिनला वाटतं की यांची आई आपल्या पोरीलाही असंच सांभाळेल. त्या दोघींतली एक एपोनिन. नाटकात तो प्रसंग नाहीच, वेळच नाही एवढा, पण दोघींचं नातं चालीने धरून ठेवलंय. वाल्जाँ आणि जाव्हेरचंही तसंच आहे, दोघांनाही अशा माणसाने दया दाखवलीय की ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती, वाल्जाँला चोरी माफ करणाऱ्या बिशपने आणि जाव्हेरला, त्याचा जीव न घेता सोडून देणाऱ्या खुद्द वाल्जाँने. प्रश्न तोच म्हणून संगीत तेच, वाल्जाँ त्यातून नवा माणूस होऊन उठतो आणि जाव्हेरला ते झेपत नाही.

बर्डीचा_बेस

हे दोन मान्य, पण सगळ्याच ठिकाणी इतका खोल अर्थ आहे असं मला नाही वाटत. मधले जे संवादासारखे छोटे छोटे गाण्याचे तुकडे आहेत ते कोणाच्याही तोंडी येतात, कारखान्यातही तेच आणि रस्त्यावरही तेच, तिथे मला तरी कंटाळा येतो. आणि बिशप वाल्जाँला घरात बोलावतो ती चाल, आणि पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या बंडात मित्र मेल्यावर त्यांच्यातला मारियस 'एम्प्टी चेअर्स' गातो ती चाल, दोन्ही एकच आहेत. त्या दोघांचा काय संबंध बावा? एक म्हातारा बिशप, एक विद्यार्थी पोरगा. इथे मात्र चाल चांगली होती म्हणून परत वापरली असंच वाटतं.

जुना_नाट्यरसिक

संबंध आहे. मारियस जिवंत काहून आहे ते पाहा. वाल्जाँने त्याला खांद्यावर घेऊन गटारातून बाहेर काढला म्हणून. आणि वाल्जाँ माणसात कोणामुळे आला, तर बिशपमुळे. मारियसला अजून माहीतसुद्धा नाही की आपल्याला कोणी वाचवलं, तो सगळे गेले आणि मीच उरलो म्हणून रडून राहिला, आणि खाली चाल बिशपची चालू आहे. पात्राला जे ठाऊक नाही ते संगीताला ठाऊक आहे, याहून मोठं काम नाटकातल्या संगीताने काय करायचं?

चाल परत वापरणं आपल्याकडेही जुनंच आहे. किर्लोस्करांचं सौभद्र 1882 चं, त्यातल्या साक्या, दिंड्या हे पद्यप्रकार बघा, ठरलेली चाल आणि त्यात शब्द बसवलेले, आज हे पात्र म्हणेल उद्या ते. तिथे चाल कोणा एकाची नसते. शोनबर्गकडे मात्र ती एखाद्या प्रसंगाची होऊन जाते आणि पुढे जिथे जाईल तिथे तो प्रसंग सोबत नेते. आणि याच्या बरोब्बर उलटं बघायचं तर कट्यार काळजात घुसली, 1967, अभिषेकीबुवांचं संगीत. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन वेगळ्या चालींत आहे, नाटकात दोन घराण्यांचे गवई आहेत, त्यातल्या पंडितजींची चाल वेगळी आणि खाँसाहेबांची वेगळी. शब्द तेच ठेवून गायकी बदलली की माणूस बदलला. खाँसाहेबांचं काम करायचे ते आपले वसंतराव देशपांडे, सिव्हिल लाईन्समधलं सभागृह ज्यांच्या नावाचं आहे ते, त्यांची सुरुवातीची तालीम नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे झाली. तुझ्या शास्त्रीयवाल्या मित्राला आधी हे पद दोन्ही चालींत ऐकव, मग ले मिझराब्ल लाव, त्याला आपोआप कळेल.

रेशीमबागवाली

काका, मारियसचं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आज रात्री परत ऐकते.

गाण्यांचं सांगायचं राहिलं. 'ब्रिंग हिम होम' घेऊ नका. ते वाल्जाँचं, लंडनच्या प्रयोगात वाल्जाँ झालेल्या कॉम विल्किन्सनच्या गळ्यासाठी लिहिलेलं गाणं आहे, सुरुवातीलाच एका सप्तकाची उडी आणि वर जाऊन आवाज बारीक, हळू ठेवायचा, प्रार्थना आहे ती. कॉलेजची पोरं तिथे ओरडतात आणि गाणं मरतं. 'वन डे मोअर' सात जणांत होईल पण घाम निघेल, पहिल्या अंकाचा शेवट आहे तो, त्यात एकमेकांच्या प्रेमात पडलेले मारियस-कोझेत फँटिनच्या 'आय ड्रीम्ड अ ड्रीम'मधल्या सुरावटीवर गातात, थेनार्दिए नवराबायको आपल्या खाणावळीच्या गाण्यावर, आणि हे सगळं एकमेकांवर चढत जातं. लोकांनी ती गाणी आधी ऐकलेलीच नसतील तर नुसता गलका वाटेल. माझं ऐकशील तर फँटिनचं मरण, मग 'ऑन माय ओन', आणि शेवटच्या प्रसंगातला तो तुकडा, एवढंच करा. तीन वेळा एकच चाल. मुली आहेतच तुमच्याकडे.

पेटी_आणि_कीबोर्ड

हेच करतो! मित्राला थ्रेड पाठवला, तो आता कट्यार ऐकून राहिला. एकच विचारायचं होतं, दोन मुलींच्या पट्ट्या, म्हणजे ज्या सुराला सा धरून गातात तो पेटीवरचा सूर, वेगळ्या आहेत, एक काळी चारमध्ये गाते आणि दुसरी पांढरी सहामध्ये, तर दोन्ही गाणी वेगवेगळ्या पट्टीत घेतली तर चालेल का?

जुना_नाट्यरसिक

एकटीएकटीचं गाणं घ्या ज्याच्या त्याच्या पट्टीत, काही बिघडत नाही. शेवटचा तुकडा जिचा आवाज खाली आहे तिच्या पट्टीत धरा आणि दुसरीला वरचा सूर द्या, आणि तिथे पेटी बंद, फक्त कीबोर्ड, तोही अगदी हळू.